दर पंधरा दिवसांनी येणारी नोटीस आणि आमची बोट

"बाय, त्या टीव्हीत पूल नाय."

२०२४ च्या दिवाळीनंतरच्या पहिल्या फेरीहून बाबा घरी आले आणि पाय धुवायच्या आधी हे बोलले. टीव्ही म्हणजे बोटीवर नवा बसवलेला जीपीएस प्लॉटर, आपली बोट समुद्राच्या नकाशावर कुठे आहे ते दाखवणारं यंत्र. पूल म्हणजे अटल सेतू. आम्ही दिवाळे गावचे, बेलापूर जेट्टीजवळचा कोळीवाडा. आमची बोट पनवेलच्या खाडीतून बाहेर पडली की जाताना एकदा आणि येताना एकदा त्या पुलाखालून जाते. पुलाची लांबी २१.८ किलोमीटर, त्यातले १६.५ किलोमीटर पाण्यावर. १२ जानेवारी २०२४ ला त्याचं उद्घाटन झालं आणि त्याआधी कितीतरी वर्षं त्याचा एकेक खांब पाण्यातून वर येताना बाबांनी पाहिला होता. एवढी वस्तू समुद्रात उभी आहे आणि उद्घाटनानंतर दहा महिन्यांनी विकत घेतलेल्या यंत्रात तिथे नुसता निळा रंग.

हा अभिप्राय त्या प्लॉटरचा आहेच, पण जास्त करून आहे तो त्या पुलापायी आमच्या घरात आलेल्या दुसऱ्या एका गोष्टीचा. डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाकडून निघणाऱ्या 'नोटिसेस टू मरिनर्स'. समुद्रातले बोये (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा), दिवे, तळावरच्या केबल, बुडालेली जहाजं, खोली, यात जे जे बदलतं ते त्यात छापून येतं. महिन्यातून दोन अंक, इंटरनेटवर फुकट. मी आमच्या बंदरावर सात-आठ तांडेलांना विचारलं, एकानेही नाव ऐकलं नव्हतं. मी स्वतः वाशीच्या मसाला मार्केटमध्ये एका गाळ्यावर हिशेब लिहिते, समुद्राशी माझा संबंध जन्माचा असला तरी कामाचा नव्हता. गेलं सव्वा वर्ष मात्र एकही अंक सोडलेला नाही.

आधी प्लॉटरचं बोलते. कंपनीचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही. मला कुणाशी भांडायचं नाही, घेताना काय विचारायचं तेवढं तुमच्यापर्यंत पोचवायचं आहे. यंत्र म्हणून चांगलं आहे. भर उन्हात स्क्रीन दिसते, खारं पाणी उडून वर्ष झालं तरी बटणं अडकत नाहीत, खोली दाखवणारा सेन्सर आमच्या जुन्या यंत्रापेक्षा कितीतरी बरा. बाबांनी डोलीच्या जाळ्याचे जे खुंट समुद्रात रोवलेत त्यांच्या जागा त्यात साठवून ठेवल्या आहेत, अंधारातही बोट खुंटावर जाऊन उभी राहते. पैसे मोजले ते दोन मोठ्या फेऱ्यांच्या म्हावऱ्याचे, आणि त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार त्यातल्या चार्टची, म्हणजे समुद्राच्या नकाशाची आहे. दुकानात मी स्पष्ट विचारलं होतं, "यातला चार्ट नवीन आहे ना?" उत्तर आलं, "मॅडम, एकदम लेटेस्ट, अपडेट करूनच देतो." पुलाचं सांगायला गेले तर म्हणे पूल रस्त्याच्या नकाशात असतो, समुद्राच्या नकाशात नसतो. मला तेव्हा काही माहीत नव्हतं म्हणून गप्प बसून परत आले. आज सांगते, हे साफ खोटं आहे. समुद्राच्या, खाडीच्या पाण्यावरचा पूल समुद्राच्या चार्टवर असतो. खालून जहाज जायचं तर पुलाखाली उंची किती, वाट कुठल्या खांबांमधून, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. अटल सेतूखाली खांबांमधले काही गाळे १८० मीटरपर्यंत रुंद ठेवले आहेत ते त्यासाठीच.

बाबा म्हणाले, जाऊ दे, पूल मना डोळ्यांनी दिसतो. आणि आम्ही ते सोडून दिलं. सोडायला नको होतं.

जानेवारीतली पहाट. थंडीत आपल्याकडे खाडीवर धूर आणि धुकं एकत्र बसतं, ते ठाण्यापासून उरणपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. बोट अलिबागजवळच्या खांदेरी बेटाकडून परत येत होती, बर्फाच्या पेट्या भरलेल्या, चार खलाशी. घरी यायचं तर न्हावा-शेव्याला जाणाऱ्या कंटेनर जहाजांचा चॅनेल, म्हणजे त्यांची खोल पाण्याची वाट, ओलांडावा लागतो, आणि तो कुठे ओलांडायचा हे बाबा एका हिरव्या बोयावरून ठरवायचे. त्या बोयाचा नंबर लिहीत नाही, तुम्ही वाचाल तोवर त्याचं काही वेगळंच झालेलं असेल. प्लॉटरवर तो बोया दर तीन सेकंदांनी एकदा लुकलुकणारा दाखवला होता. बाबा तीन सेकंदवाला शोधत होते. समोर धुक्यात जो दिवा दिसला तो दोनदा लुकलुकून दम घेत होता. बाबांना वाटलं हा पुढचा बोया, म्हणजे आपण चॅनेल ओलांडून आलो. खरं तर तो आमचाच बोया होता. त्याचा दिवा बदलला होता.

बोट नेमकी चॅनेलच्या मधे होती. लांब भोंगा झाला. धुक्यात चालणाऱ्या जहाजाने जास्तीत जास्त दोन मिनिटांनी एक लांब भोंगा द्यायचा असा नियम आहे, पण तो किती जवळ आहे हे धुक्यात कानाला कळत नाही. पुढच्या टोकावर बसलेला खलाशी ओरडला, बाबांनी इंजिन मागे टाकलं. काळी भिंत समोरून गेली, वर कुठेतरी दिवे. तिच्या लाटेने दोन पेट्या उलटल्या. एवढंच झालं. बाबा घरी येऊन जेवले नाहीत, ओट्यावर बसून राहिले. मी त्यांना असं बसलेलं पूर्वी एकदाच पाहिलं होतं, आजी गेली तेव्हा.

सीवूड्सला राहणारे एक निवृत्त कॅप्टन काका आईचं नेहमीचं गिऱ्हाईक. बुधवारी, शुक्रवारी, रविवारी येतात, पापलेटचे कल्ले स्वतः उघडून बघतात. आईने त्यांना ही हकीकत सांगितली. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि एकच प्रश्न विचारला, "चार्ट कुठल्या तारखेपर्यंत दुरुस्त आहे?" कोणाला सांगता येईना. मग मी त्यांच्यासोबत बोटीवर गेले. मेनूमध्ये आत आत गेल्यावर यंत्राच्या माहितीचं एक पान आहे, त्यात यंत्रात घातलेल्या मेमरी कार्डवरच्या चार्टचं साल असतं. आमच्या कार्डवर २०१९ होतं. आणि काका म्हणाले, जागा अचूक सांगणारं यंत्र आणि जुना चार्ट ही जोडी जुन्या चार्टपेक्षाही वाईट, कारण माणूस तिच्यावर विश्वास टाकतो.

प्लॉटर घेणाऱ्या प्रत्येकाला मी हे हात जोडून सांगते: पैसे देण्याआधी ते पान उघडून घ्या. साल बघा. नंतर अपडेट फुकट की पैशाने, किती वर्षं, हे बिलावर लिहून घ्या. आमच्याकडून नव्या कार्डाचे वेगळे पैसे घेतले. कार्ड बदलल्यावर पूल आला.

पण काका म्हणाले, नवं कार्डही विकत घेतल्या दिवसापासून जुनं व्हायला लागतं. त्या संध्याकाळी त्यांनी माझ्या मोबाइलवर नोटिसेसचा अंक उघडून दिला.

पहिल्यांदा बघाल तर घाबराल. इंग्रजी, बारीक टाइप, आकडेच आकडे. मीही घाबरले होते. मग लक्षात आलं की हे आमच्या गाळ्यावरच्या खातेवहीसारखंच आहे. सुरुवातीला यादी असते, कुठल्या नंबरच्या चार्टवर या खेपेला काय बदललंय. आपल्या चार्टचा नंबर त्यात नसेल तर त्या अंकापुरतं कायमच्या बदलांचं काम पाच मिनिटांत संपलं. असेल तर पुढे जाऊन ती नोंद वाचायची. नोंदीत क्रियापदं मोजून चार-पाच: घाला, काढा, बदला, हलवा. बोया घाला, अमुक जागी. दिव्याची खूण बदला, ही काढून ती. बोया इथून उचलून तिथे हलवा. प्रत्येक नोंदीसोबत त्या चार्टवरची याआधीची दुरुस्ती कुठली हेही दिलेलं असतं. हे मला फार आवडलं. मधली एखादी सुटली असेल तर साखळीतली कडी तुटलेली लगेच दिसते. आमच्या वहीत पान क्रमांक असतात तसंच.

काकांच्या सांगण्यावरून फोर्टात एका अधिकृत विक्रेत्याकडून मुंबई बंदराचा कागदी चार्ट आणला. तो आमच्या जेवणाच्या टेबलापेक्षा मोठा आहे, म्हणून पलंगावर पसरून काम करावं लागतं. दुरुस्ती करायची पद्धत ठरलेली. जांभळट गुलाबी शाई, केसासारखं बारीक टोक असलेलं पेन. जुनं खोडायचं ते एका बारीक रेघेने, खालचं वाचता आलं पाहिजे. व्हाइटनर लावायचा नाही, ब्लेडने खरवडायचं नाही. नवा बोया काढायचा तो नेमक्या जागी, शेजारी दिव्याची खूण. मग चार्टच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात साल आणि नोटिशीचा नंबर. मी खातेवहीत चूक झाली की अशीच आडवी रेघ मारून वर खरा आकडा लिहिते आणि बाजूला सही करते. शेठजींनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं, खोडलेलं दिसलं पाहिजे. समुद्रातही हाच कायदा आहे हे कळल्यावर मला त्या कागदाची भीती वाटेनाशी झाली.

एक चूक मात्र मी केली आणि ती सविस्तर सांगते, कारण ती कोणाचीही होईल. जागा दिलेली असते अंश आणि मिनिटांत, आणि मिनिटाचे पुढचे भाग दशांशात. एका बोयाचा अक्षांश होता अमुक मिनिटं पॉइंट तीन शून्य. मी ते तीस सेकंद समजले. शाळेत भूगोलात अंश, मिनिटं, सेकंद शिकलेली, तीच सवय. अक्षांशातलं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. पॉइंट तीन म्हणजे साधारण ५५५ मीटर, आणि तीस सेकंद म्हणजे अर्धं मिनिट, ९२६ मीटर. माझा बोया ३७० मीटर सरकला. शाई सुकल्यावर बाबांना दाखवला. त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, "हितं बोया नाय बसनार, हितं तर आपला खुंट हाय." इंग्रजी येत नाही, आकडे धड वाचता येत नाहीत, पण कागदावर आपला खुंट कुठे पडतो हे त्यांना कळलं. मी पुन्हा मोजलं. तेव्हापासून प्रत्येक नवी खूण आधी पेन्सिलने काढते, त्यांना दाखवते, मग शाई.

दिव्यांच्या बाबतीत उलट झालं, तिथे मी त्यांच्याकडून शिकले. नोटिशीत दिव्याची खूण तीन-चार अक्षरांत असते: किती वेळा लुकलुकतो, रंग कोणता, किती सेकंदांनी पुन्हा तेच. बाबांकडे प्रत्येकाला नाव आहे. 'दम घेणारा', 'घाई करणारा', 'नऊ मारणारा'. धोक्याच्या कुठल्या बाजूने जायचं हे सांगणारे काळे-पिवळे बोये असतात त्यांचे दिवे घड्याळासारखे बांधलेले आहेत. पूर्वेचा तीनदा, दक्षिणेचा सहादा आणि वर एक लांब, पश्चिमेचा नऊदा, उत्तरेचा न थांबता. घड्याळात तीन, सहा, नऊ, बारा जिथे आहेत त्याच दिशा. पूर्वेचा तीन मारत असेल तर आपण त्याच्या पूर्वेने जायचं, पाणी तिकडे आहे. बाबांना हे घड्याळ माहीत नव्हतं, पण 'नऊ मारणारा खडपाच्या पश्चिमेला असतो' हे माहीत होतं. मी घड्याळाची गोष्ट सांगितली तेव्हा ते कितीतरी वेळ हातातल्या घड्याळाकडे बघत बसले.

हिरवा आणि लालही तसंच. समुद्रातून बंदरात येताना लाल डाव्या हाताला, हिरवा उजव्या हाताला. भारतात असंच आहे, अमेरिकेत आणि जपानमध्ये उलट. १९८० मध्ये पन्नास देशांनी बसून हे ठरवलं, त्याआधी जगात तीसहून जास्त पद्धती होत्या. आमच्या घरात ते असं म्हणतात: घरी येताना लाल डावीकडे.

आता नोटिसेसमधला तो भाग, जो आमच्यासारख्या लहान बोटींना सगळ्यात उपयोगी आहे आणि ज्याकडे सगळे दुर्लक्ष करतात. कायमच्या बदलांशिवाय तात्पुरत्या बदलांच्या वेगळ्या नोटिसा असतात. बोया जागेवरून सरकला आहे, दिवा बंद आहे, गाळ काढणारा ड्रेजर अमुक भागात काम करतोय, तमुक ठिकाणी तात्पुरते पिवळे बोये टाकलेत. या नोटिसा चार्टवर पेन्सिलने लिहायच्या, रद्द झाल्याची नोटीस आली की पुसायच्या. आपल्या बंदरात खोदकाम, पाइपलाइन, पूल, काही ना काही सतत चालू असतं, त्यामुळे पेन्सिलचं काम शाईपेक्षा जास्त. आणि पावसाळा! बोया म्हणजे शेवटी साखळीने तळाच्या वजनाला बांधलेली वस्तू. उधाणाला आपल्याकडे पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं, वर जून-जुलैची लाट. साखळी झिजते, वजन घसरतं, सौर दिव्याच्या काचेवर पक्ष्यांची घाण बसते. साधा दिवस असला तरी बोया भरतीला आत झुकतो, ओहोटीला बाहेर, साखळीच्या लांबीइतका फिरतो. चार्टवरचा ठिपका म्हणजे त्या फिरण्याचा मध्य. ही गोष्ट बाबा लहानपणापासून जाणतात, प्लॉटरवरच्या ठिपक्याने मात्र त्यांना क्षणभर विसरायला लावली.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत चार अंक निघतात. गेल्या जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मी चारही अंक एकत्र घेऊन बसले, रात्री जेवणं झाल्यावर, दोन रात्री. एकीकडे बाबा जाळं विणत होते, दुसरीकडे मी वाचत होते. १ ऑगस्टला बोट निघाली तेव्हा चार्टच्या खालच्या कोपऱ्यातला शेवटचा नंबर ताजा होता. ज्यांच्या घरात बोट आहे आणि कॉलेजला जाणारं एखादं पोर आहे त्यांनी निदान हे एक काम करा. वर्षभर जमलं नाही तरी चालेल, पण ३१ जुलैच्या आधी ते चार अंक वाचा.

घाईच्या गोष्टी पंधरा दिवस थांबू शकत नाहीत, त्या रेडिओवर येतात. हिंदी महासागराच्या आपल्या भागाचे इशारे भारतच देतो आणि ते कामही डेहराडूनहूनच चालतं. मोठ्या जहाजांवर नॅव्हटेक्स नावाचं यंत्र ५१८ किलोहर्ट्झवर ते छापून घेतं. आमच्याकडे ते नाही, आमच्याकडे व्हीएचएफ रेडिओ आहे आणि बाबा आता तो १६ नंबरवर, म्हणजे संकटात हाक मारायच्या नंबरवर, खरोखर चालू ठेवतात. लागू असलेले इशारे अंकातही दिलेले असतात, त्यातले आपल्या किनाऱ्याचे कोणते ते वाचून शोधायचे.

बाबा एका गोष्टीवर अजून चिडतात. काही ठिकाणी बोया पाण्यात नसतोच, नुसता संदेशाने जहाजाच्या स्क्रीनवर उमटवलेला असतो. काकांनी समजावलं की एखादं जहाज बुडालं आणि खराखुरा बोया न्यायला वेळ लागणार असेल तर अशी खूण तासाभरात टाकता येते. बाबांचं म्हणणं, ज्या बोटीवर तसली स्क्रीन नाही तिने काय करायचं. मला दोघांचं पटतं. पण म्हणूनच त्याची नोंद नोटिशीत वाचणं लहान बोटींना जास्त गरजेचं आहे, कारण डोळ्यांना ती कधीच दिसणार नाही.

बुडालेल्या जहाजावरून २०१० आठवलं. ७ ऑगस्टला मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया यांची टक्कर झाली. चित्रावरचे कंटेनर पाण्यात पडले आणि तरंगत चॅनेलमध्ये आले, बंदर काही दिवस बंद राहिलं, तेल किनाऱ्याला लागलं. मी तेव्हा शाळेत होते. नारळी पौर्णिमेच्या आधीचे दिवस, बोटी निघायच्या तयारीत आणि म्हावऱ्याला कोणी हात लावेना. बाबा सांगतात, अर्धा बुडालेला कंटेनर रात्री दिसत नाही, त्याचा कोपरा पाण्याच्या रंगाचाच असतो. नव्या बुडालेल्या जहाजासाठी आता निळ्या-पिवळ्या उभ्या पट्ट्यांचा खास बोया असतो, दिवाही आळीपाळीने निळा आणि पिवळा. २००२ मध्ये इंग्लिश खाडीत ट्रायकलर नावाचं जहाज बुडालं आणि पहारा असताना त्याच्यावर दुसरी जहाजं येऊन आदळली, त्यानंतर ही खूण निघाली. मी ती कागदावर रंगवून आमच्या बोटीच्या केबिनमध्ये चिकटवली आहे. आमच्या खलाशांपैकी दोघे उत्तर प्रदेशातले, एक डहाणूकडचा, चौथा गावचाच. कोणीच तो बोया पाहिलेला नाही, पण आता चित्र चौघांना पाठ आहे.

गुण द्यायचे तर यंत्राला पाचपैकी चार, दुकानाला एक, आणि नोटिसेसना पाच. पूर्ण पाच देताना मला एक माहीत आहे की आमच्या बाबांसारख्या माणसाला त्या एकट्याने वापरता येणार नाहीत, मधे वाचणारं कोणीतरी लागतं. म्हणून गेल्या ऑगस्टपासून मी प्रत्येक अंकातलं आपल्या बंदरापुरतं एका पानावर मराठीत लिहून मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर लावते. जागा आकड्यांत देते आणि शब्दांतही: 'घारापुरीच्या अमुक अंगाला', 'पुलाच्या बाहेर'. पहिल्या महिन्यात कोणी बघितलं नाही. आता अंक यायच्या दिवशी उशीर झाला तर बायका मला मासळी बाजारात विचारतात, कागद लावला का. करावे, सारसोळे, वाशी गाव, घणसोली, पलीकडे ठाण्यात चेंदणी, सगळीकडे असं एक पान लागायला हवं. एका माणसाची पंधरा दिवसांतली एक संध्याकाळ लागते, जास्त नाही.

अंकात शेवटी एक फॉर्म असतो, तो कोणीही भरू शकतो. समुद्रात चार्टपेक्षा वेगळं काही दिसलं तर कळवायचं. नोव्हेंबरात एका बोयाचा दिवा बंद दिसला. बाबांनी लगेच व्हीएचएफवर सांगितलं, आणि घरी आल्यावर काकांनी आणि मी फॉर्म भरला: तारीख, वेळ, जागा, कोणी पाहिलं. 'कोणी पाहिलं' या रकान्यात बाबांचं नाव लिहिलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, "माजा नाव डेहराडूनला जानार?" आठ दिवसांनी दिवा लागला होता.

आणि आपल्याच लोकांना एक सांगायचं आहे. बोयाला होडी बांधू नका, जाळं अडकवू नका, त्यावरचं पॅनेल काढू नका. बोये-बत्त्यांच्या २०२१ च्या कायद्यात त्याला शिक्षा आहे, पण शिक्षेपेक्षा मला ती जानेवारीतली पहाट आठवते. कुलाब्यापुढची प्रॉंग्सची बत्ती १८७५ पासून आणि खांदेरीची १८६७ पासून उभी आहे. खांदेरीला वेताळाला नारळ दिल्याशिवाय आमची बोट पुढे जात नाही. त्या बत्तीला कोणी हात लावेल का? पाण्यातला लहान बोयाही तेच काम करतो.

परवाच्या अंकात एक तात्पुरती नोटीस रद्द झाली. आमच्या वाटेवरचा पिवळा बोया, मार्चपासून चार्टवर पेन्सिलने काढलेला. रात्री पलंगावर चार्ट पसरला, खोडरबर घेतलं आणि हलक्या हाताने पुसला. बाबा चष्मा लावून शेजारी बसले होते. त्यांनी कागदावरचा चुरा फुंकला.

"आता थय काय हाय?"

"पाणी."

"किती?"

पेन्सिलखाली झाकला गेलेला खोलीचा आकडा पुन्हा दिसत होता. मी वाचून दाखवला, सगळ्यात खालच्या ओहोटीचा. बाबांनी मनात भरती मिळवली आणि मान हलवली.